रिगोचा चौदावा लुई आणि छतावरचं म्यूरल: हाताने प्रत करायला घेण्याआधी

प्रश्न असा आहे: एका ग्राहकाला दिवाणखान्यासाठी इयासँत रिगोने रंगवलेल्या फ्रान्सच्या राजाची, चौदाव्या लुईची, मूळ मापाची, हाताने केलेली प्रत हवी आहे आणि त्याच खोलीच्या छतावर त्याच राजाच्या 'व्हर्साय राजवाड्यासारखं काहीतरी'. विचारणारे स्वतः चित्रकार आहेत, पोर्ट्रेटचा हात चांगला आहे, पण एवढं मोठं काम पहिल्यांदाच अंगावर घेत आहेत. वेळ किती लागेल, दर कसा सांगायचा, छत थेट रंगवायचं की कॅनव्हासवर, आणि इंटरनेटवर हेच चित्र इतकं स्वस्त कसं मिळतं, असे त्यांचे चार प्रश्न. याच क्रमाने उत्तरं देत नाही, कारण दर बाकीच्या तिन्हींवर ठरतो.

सगळ्यात आधी खोलीची उंची मोजा. मूळ चित्र २७७ बाय १९४ सेंटीमीटर आहे, म्हणजे नऊ फूट एक इंच उंच आणि सहा फूट चार इंच रुंद. त्याला शोभेल अशी कोरीव फ्रेम घेतली की वर-खाली मिळून सव्वा फूट वाढतो. शिवाय हे चित्र जमिनीला टेकवून लावायचं नसतं. राजा आपल्याकडे वरून बघतोय अशीच त्याची रचना आहे, त्यामुळे फ्रेमचा खालचा काठ दोन फूट तरी वर हवा. बेरीज सव्वाबारा फुटांच्या पुढे जाते. बहुतेक घरांत ती बसत नाही, आणि ग्राहकाला हे तुम्ही सांगेपर्यंत माहीत नसतं. माझा सल्ला विचाराल तर एक पंचमांश लहान करा: २२२ बाय १५५ सेंटीमीटर. फ्रेम जरा बारीक घेतली तर हे दहा फुटी छताखालीही मावतं आणि राजाचा रुबाब जात नाही. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात बसून प्रत करणाऱ्या चित्रकारांनाही मूळ मापाची प्रत करता येत नाही, माप लहान किंवा मोठं ठेवावंच लागतं आणि मूळ चित्रकाराची सही उतरवायची नसते. १७९३ पासून तिथे प्रती करण्याची परवानगी आहे. लबाडी टाळण्यासाठी केलेला तो नियम आपल्यालाही सोयीचा आहे. मात्र उंचीत पाच फुटांपेक्षा खाली उतरू नका. कमळासारखी दिसणारी ती सोनेरी 'फ्लर द लिस' फुलं मग इतकी बारीक होतात की ब्रशचा फटकारा दिसत नाही, फक्त ठिपके दिसतात.

आता स्वस्त प्रतींचं. ऑनलाइन 'हँड-पेंटेड' म्हणून जे विकलं जातं त्यात दोन अगदी वेगळ्या वस्तू असतात. पहिली म्हणजे कॅनव्हासवर छापलेला फोटो आणि त्यावर पारदर्शक जेलचे फटकारे. भिंग लावलं की छपाईचे ठिपके दिसतात. भिंग नसेल तर तिरपा प्रकाश टाकून बघा, जेलचे वळ चित्रातल्या आकाराशी फटकून चाललेले असतात, गालाच्या गोलाईवरून सरळ आडवे जातात. दुसरी वस्तू खरोखर हाताने केलेली असते. चीनमधल्या शेन्झेनचं दाफेन हे गाव १९८९ नंतर याच धंद्यावर वाढलं. तिथे एकाच चित्रावर पार्श्वभूमी एकाची, कपडे दुसऱ्याचे, चेहरा तिसऱ्याचा असं काम चालायचं. आपल्यातले काही लोक याला नाकं मुरडतात. पण गंमत अशी की रिगोच्या कार्यशाळेतही काम असंच वाटलेलं होतं. त्याच्या हिशोबाच्या वह्या उपलब्ध आहेत, आणि कुणाला कपड्यांसाठी, कुणाला प्रतीसाठी पैसे दिले हे त्यांत नोंदवलेलं आहे. फुलांसाठी, युद्धाच्या देखाव्यासाठी तो त्या त्या विषयातली वेगळी माणसं बोलवायचा. लंडनमध्ये त्याच काळातला पोर्ट्रेट चित्रकार गॉडफ्री नेलर कधीकधी दिवसाला चौदा गिऱ्हाइकं बसवायचा, चेहरा रेखाटून पुढचं हाताखालच्या लोकांवर सोडायचा.

बरोक काळातलं, म्हणजे साधारण सतराव्या-अठराव्या शतकातलं, राजाचं पोर्ट्रेट मुळात प्रतींसाठीच बनायचं. राजदूतांना, नातलगांना, परगण्यांच्या कचेऱ्यांना राजाचं चित्र पाठवायचं असायचं. आपण बोलतोय तेच चित्र घ्या. १७०१ मध्ये लुईने ते आपल्या नातवासाठी, स्पेनच्या पाचव्या फिलिपसाठी काढून घेतलं. पूर्ण झाल्यावर ते इतकं आवडलं की त्याने ते फ्रान्समध्येच ठेवून घेतलं आणि प्रती करायला सांगितल्या. मूळ आज लूव्रमध्ये आहे आणि रिगोच्याच कार्यशाळेतली प्रत व्हर्सायमध्ये. म्हणजे तुम्ही करताय ते काम रिगोच्या हाताखालच्या माणसांनी केलेलंच आहे, आणि त्यांना जे ठाऊक होतं ते आपल्यालाही ठाऊक हवं: चित्र कोणत्या क्रमाने उभं राहिलं. दाफेनच्या स्वस्त प्रतीत आणि चांगल्या प्रतीत मला दिसणारा खरा फरक हाच. स्वस्त प्रत शेवटचा दिसणारा रंग थेट कॅनव्हासवर ठेवते. चांगली प्रत खालपासून थर चढवत वर येते.

त्या काळच्या फ्रेंच कॅनव्हासवर बहुधा दोन अस्तरं असायची, खाली लाल-तपकिरी मातीचं, वर करडं. तुम्ही बाजारातला पांढरा प्रायमर लावलेला कॅनव्हास घेणार असाल तर त्यावर निदान करडा-तपकिरी पातळ हात मारून तो पूर्ण वाळू द्या. पांढऱ्यावर थेट सुरुवात केलीत तर सावल्या कधीच खोल जात नाहीत, कितीही काळा ओता. कॅनव्हास लिननचाच घ्या. दोन मीटरच्या पुढे कॉटन सैल पडतं आणि कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात तर त्याचे पडदे होतात. चौकटीला कोपऱ्यांत लाकडी पाचरी असलेली घ्या, मध्ये आडवा आणि उभा आधार घ्या. सुताराला 'फोटोफ्रेमसारखी' सांगितलीत तर तो कोपरे खिळ्यांनी पक्के करून देईल, मग पुढे ताण वाढवायची सोयच राहत नाही.

रेखाटन उतरवायला प्रोजेक्टर वापरायला माझी हरकत नाही, पण काठांकडे भिंग आकार ताणतं. म्हणून कॅनव्हासवर आधी चौकटी आखा, प्रोजेक्टरची रेघ त्या चौकटींशी पडताळा. चौकटी आखून मोठं करण्याची रीत तेव्हाच्या कार्यशाळांतलीच आहे, त्यात कमीपणा नाही.

चेहऱ्याबद्दल जरा सविस्तर. मूळ चित्रात राजाचं डोकं वेगळ्या छोट्या कॅनव्हासवर रंगवून मग मोठ्या कॅनव्हासमध्ये बसवलेलं आहे. राजा पाहिजे तेवढा वेळ समोर बसणार नाही, म्हणून समोर बसेल तेवढ्यात चेहरा करून घ्यायचा आणि बाकीचा डोलारा कार्यशाळेत उभा करायचा. तुम्ही वेगळा तुकडा जोडू नका, पण सरावाचा चेहरा मूळ मापात छोट्या कॅनव्हासवर आधी करा आणि ग्राहकाकडून तोच मंजूर करून घ्या. लुई तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा होता. वरचे दात गेल्यामुळे तोंड आत ओढलेलं, गाल उतरलेले, हनुवटीखाली मांस लोंबलेलं. खाली पाय मात्र नर्तकाचे, पांढऱ्या मोज्यांतले, लाल टाचांचे जोडे घालून पुढे टाकलेले. तरुणपणी तो खरोखरच दरबारी बॅलेत नाचायचा. म्हातारा चेहरा आणि तरुण पाय या विसंगतीवरच सगळं चित्र उभं आहे. आणि हटकून काय होतं, तर प्रत करणारा चेहरा गुळगुळीत करतो. तोंडाचे कोपरे वर उचलतो, गाल भरतो, राजा चाळिशीतला दिसायला लागतो. ओठ आणि नाकपुडी यांमधलं अंतर मोजून ठेवा, घसरगुंडी तिथूनच सुरू होते.

निळा झगा म्हणजे या चित्राचा निम्मा वेळ. आधी सगळ्या घड्या करड्या-निळ्यात, काळा-पांढरा आणि थोडा अल्ट्रामरीन मिसळून, पूर्ण उठावासकट रंगवा. हा थर वाळला की त्यावर अल्ट्रामरीनचा पारदर्शक हात. प्रशियन ब्लू अजिबात नको. तो बर्लिनमध्ये १७०४ च्या पुढे केव्हातरी सापडला, या चित्राच्या वेळी तो जगात नव्हता, आणि त्याची हिरवट झाक लगेच कळते. हा पारदर्शक हात, म्हणजे ग्लेझ, वाळल्यावर सोनेरी फुलं. आणि इथे नव्वद टक्के प्रती पडतात. मखमलीवर भरलेलं ते फूल कापडाबरोबर वळतं. घडीच्या उतारावर ते अरुंद होतं, घडीच्या आत अर्धं गडप होतं, पलीकडच्या कडेवर त्याची फक्त एक पाकळी बाहेर येते. घाईतला माणूस प्रत्येक फूल समोरून, पूर्ण आणि सारखं काढतो, आणि राजाचा झगा वॉलपेपर होऊन बसतो. प्रत्येक फुलाला तीन रंग पुरतात: गेरूकडे झुकणारा मधला, सावलीला बर्न्ट अंबर, आणि प्रकाशाकडच्या बाजूलाच, तिथेच फक्त, फिकट पिवळ्याचा जाड ठिपका. त्या काळी हा पिवळा शिसं आणि कथलापासून बनायचा. १७५० च्या सुमाराला तो वापरातून गेला आणि १९४१ मध्ये म्युनिकमधल्या रिचर्ड याकोबी यांनी जुन्या चित्रांच्या तपासणीत तो पुन्हा ओळखला. आज मोजके रंगवाले तो करतात. मिळाला तर बरा, नाही तर नेपल्स यलो पुरतो.

झग्याचं अस्तर एर्माइनचं, म्हणजे पांढऱ्या केसाळ कातड्याचं, मधून मधून काळ्या शेपट्या. पांढरं म्हणून पांढरा रंग लावलात तर कापूस दिसेल. मूळ चित्रात तिथला बहुतेक भाग उबदार करडा आहे, रॉ अंबर, काळा आणि किंचित पिवळी माती. शुद्ध पांढरा फक्त शेवटी, प्रकाश थेट पडतो तिथे, डुकराच्या राठ केसांच्या सुक्या हॉग ब्रशने केसांच्या दिशेने ओढलेला. काळी शेपटी ओल्या करड्यात टेकवायची, म्हणजे मुळाशी ती विरघळते, आणि टोक मात्र वरून तीक्ष्ण काढायचं. शेपट्या खाली लोंबतात हेही लक्षात ठेवा. घडी आडवी असली तरी शेपटीला वजन असतं.

पांढऱ्यावरून आठवलं. जुने लोक शिशाचा सफेदा वापरायचे. तो उबदार आणि थोडा पारदर्शक असतो, म्हणून त्वचेवर छान बसतो. विषारी असल्याने मी घरगुती स्टुडिओत त्याच्या वाटेला जायला सांगत नाही. टायटेनियम पांढरा थंड आणि दाट आहे. त्यात चिमूटभर पिवळी माती घातली की काम भागतं. झिंक पांढऱ्यापासून मात्र लांब राहा, त्याचा थर काही वर्षांत ठिसूळ होतो आणि एवढ्या मोठ्या ताणलेल्या कॅनव्हासवर तडे जातात.

रंग जुळवण्यासाठी एकाच फोटोवर विसंबू नका. या चित्राचे नेटवर दहा फोटो काढलेत तर दहा वेगळे निळे दिसतील. संग्रहालयाने स्वतः प्रसिद्ध केलेला फोटोच प्रमाण धरा. आणि एक निर्णय आधीच घ्या: चित्र आज दिसतं तसं करायचं की रंगवलं तेव्हा दिसत असेल तसं? जुनं व्हार्निश पिवळं पडलं की निळा हिरवट दिसतो. लाल लाखेचे रंग उडतात. बरोक चित्रांमध्ये स्माल्ट नावाची कोबाल्ट-काचेची पूड निळ्यासाठी खूप वापरली गेली आणि ती कालांतराने करडी पडते, त्यामुळे आज करडं दिसणारं आकाश कधीकाळी निळं असू शकतं. मी नेहमी आजच्या स्वच्छ केलेल्या अवस्थेच्या बाजूने असतो. ग्राहक 'अँटिक लुक' मागेल, तडे पाडणारी पेस्ट लावा म्हणेल. सरळ नाही म्हणा. ती पेस्ट तडे पाडते, पण कॅनव्हासच्या ताणाने पडणाऱ्या तड्यांचं जाळं वेगळंच असतं.

मूळ चित्र बघायला पॅरिसला जाणं जमलं तर उत्तमच. नाही जमलं तर गोव्याला जा. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांची उभी, पूर्णाकृती पोर्ट्रेट आहेत. जुआंव द कास्त्रोने १५४७ मध्ये ही मालिका सुरू केली, पुढचा प्रत्येक सत्ताधारी तीत भर घालत गेला. दर्जाने ती रिगोच्या जवळपासही नाहीत, आणि अनेकांवर नंतरच्या लोकांनी वरून रंग फासलेला आहे. पण अधिकाराचं चित्र पूर्ण उंचीत समोर उभं राहिलं की माणूस कुठून बघतो, किती मागे सरकतो, नजर आधी हातातल्या काठीवर जाते की चेहऱ्यावर, हे मोबाइलच्या पडद्यावर कळत नाही. तिथे कळतं.

आता छत. 'व्हर्सायसारखं' म्हणजे ग्राहकाच्या डोक्यात आरसेमहाल आहे. शार्ल ल ब्रंने १६८१ ते १६८४ मध्ये रंगवलेली ती ७३ मीटर लांबीची कमान बारा मीटरहून उंच आहे. फ्लेमिश चित्रकार रूबेन्सची लंडनच्या बँक्वेटिंग हाऊसच्या छतावरची चित्रं पंचावन्न फुटांवर आहेत. ही सगळी चित्रं खालून, लांबून बघायला रचलेली आहेत. आकृत्या पायांकडून आखूड होत वर जातात. रोममधल्या सांत इग्नात्सिओ चर्चमध्ये आंद्रेआ पोत्सोच्या छताखाली तर जमिनीवर खूण करून ठेवली आहे. तिथे उभं राहिलं तरच रंगवलेले खांब सरळ दिसतात, बाजूला सरकलं की इमारत कोसळल्यासारखी वाटते. अकरा फुटी छतावर या आकृत्या उतरवल्या तर सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या डोक्यावर फक्त तळवे आणि गुडघे येतील. म्हणून उंची पंधरा फुटांच्या आत असेल तर ग्राहकाला आकाशावर राजी करा: मध्ये मोकळं, उजळत गेलेलं आकाश, काठांना रंगवलेली कठड्याची पट्टी, कोपऱ्यांत दोन-तीन बालदेवदूत, एखादा कापडाचा फलकारा. हीसुद्धा बरोक रीतच आहे, आणि बघणारा कुठेही बसला तरी ती बिघडत नाही.

थेट छतावर की कॅनव्हासवर? कॅनव्हासवर. ओल्या चुन्यावरचं खरं फ्रेस्को, तिएपोलोने १७५२-५३ मध्ये जर्मनीतल्या वुर्झबर्गच्या राजवाड्यात जिन्यावरच्या छतावर केलं तसं, ही वेगळी विद्या आहे. रोज जेवढं रंगवायचं तेवढाच गिलावा चढवायचा, चुना वाळायच्या आत संपवायचं, चुन्याला टिकतील तेच रंग वापरायचे. सिमेंटच्या स्लॅबवर त्याचा विचारही करू नका. आणि स्लॅबवर पुट्टी मारून थेट रंगवलंत तर वरच्या मजल्याच्या न्हाणीघरातून पहिली गळती झाली की चित्र गेलं, वर दोष तुमच्यावर. स्टुडिओत कॅनव्हासवर रंगवून ते छताला चिकटवणं ही रीतही तेव्हाचीच आहे. व्हर्सायच्या छतावर बराचसा भाग असाच आहे. मी त्याहून एक पाऊल मागे राहतो: हलक्या पॅनेलवर कॅनव्हास ताणून ती पॅनेलं स्क्रूने बसवायची, जोड रंगवलेल्या पट्टीखाली लपवायचे. गळती झाली की पॅनेल उतरवता येतं.

मापं मात्र स्वतः घ्या, आर्किटेक्टच्या ड्रॉइंगवरून नाही. रूबेन्सची नऊ चित्रं अँटवर्पमध्ये रंगवली गेली आणि १६३६ मध्ये लंडनला छतात बसवली. तिकडचा फूट इंग्लिश फुटापेक्षा जवळपास पावणेदोन सेंटीमीटर लहान होता, त्या गोंधळात कॅनव्हास नीट बसले नाहीत असं सांगतात. आपल्याकडे फूट एकच आहे, पण फॉल्स सीलिंगवाला ड्रॉइंगमध्ये नसलेली दोन इंचांची पट्टी हमखास वाढवतो. छत पूर्ण होऊन रंग लागल्यावरच टेप धरा.

वेळ. पोर्ट्रेटचं तुम्हाला एकट्याला चार ते सहा महिने धरा. त्यातला बराच वेळ वाळण्यात जातो. खालचे थर कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे हा नियम मोडून घाई केली तर वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर हलतो आणि तडे जातात. अंबर दोन दिवसांत वाळतं, काळा आणि लाखेचा लाल आठवडा-दीड आठवडा घेतात. पावसाळा आला तर यात आणखी भर. छताची पॅनेलं याच काळात समांतर करता येतात, मोठ्या भागांना मदतनीस घ्या. चेहरे मात्र स्वतः करा.

दराबद्दल इंग्लिश चित्रकार थॉर्नहिलचं उदाहरण मला नेहमी पटतं. लंडनमधल्या ग्रिनिचच्या पेंटेड हॉलमध्ये जेम्स थॉर्नहिलने १७०७ ते १७२६ अशी एकोणीस वर्षं काढली. त्याला छतासाठी चौरस यार्डाला तीन पौंड आणि भिंतींसाठी एक पौंड मिळाला. पश्चिमेच्या भिंतीवर राजघराण्याच्या चित्राच्या कोपऱ्यात त्याने स्वतःला हात पुढे करून उभं केलं आहे, आणि तो हात उरलेले पैसे मागतोय अशी थट्टा आजही चालते. छताला भिंतीच्या तिप्पट हा हिशोब आजही फार चुकीचा नाही, कारण वर बसवण्याची मजुरी, परांची आणि मानेचे हाल त्यातच येतात. पोर्ट्रेटला मात्र चौरस फुटाचा दर कधीच लावू नका. ग्राहक लगेच विचारतो, पार्श्वभूमीच्या पडद्याला आणि चेहऱ्याला सारखेच पैसे का? चेहरा आणि हात यांची एक रक्कम, वस्त्रांची एक, पार्श्वभूमीची एक, असा तीन भागांत दर द्या. मग त्याला काटछाट करायची असेल तर तो पडद्यातून करेल, चेहऱ्यातून नाही. पैसे चार हप्त्यांत घ्या: काम ठरताना, सरावाचा चेहरा मंजूर झाल्यावर, खालचे थर पूर्ण झाल्यावर आणि बसवल्यावर.

मूळ चित्रकाराला जाऊन तीनशे वर्षांच्या जवळपास झाली आहेत. आपल्याकडे कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी संपतो, त्यामुळे तिथे अडचण नाही. पण कॅनव्हासच्या मागे 'रिगोनुसार', तुमचं नाव आणि साल लिहा, आणि पुढच्या बाजूला रिगोची सही करू नका. ग्राहक पुढे ही प्रत परदेशात नेणार असेल तर कस्टमवाले जुनी वस्तू समजून अडवू शकतात. अशा वेळी पुरातत्त्व खात्याचं ती पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून कामाच्या प्रत्येक टप्प्याचे तारखेसह फोटो ठेवा.

नेण्याचं: चौकटीसकट जिन्यातून जाणार नसेल तर कॅनव्हास उतरवून मोठ्या व्यासाच्या नळीवर गुंडाळा, रंग बाहेरच्या बाजूला ठेवून. आत ठेवलात तर रंगाचा थर दाबला जातो आणि सुरकुत्या पडतात. तिथे गेल्यावर पुन्हा ताणा. खिडकीच्या समोरच्या भिंतीवर लावू देऊ नका, व्हार्निशमुळे राजाऐवजी खिडकीच दिसेल. तसं करावंच लागलं तर वरचा काठ भिंतीपासून दोन इंच पुढे झुकवा. दिवे उबदार, ३००० केल्विनच्या आसपासचे. पांढऱ्याफेक उजेडात एर्माइन निळसर दिसतं आणि सगळी मेहनत वाया जाते. शेवटचं व्हार्निश मात्र लगेच नको. तेलरंग आतून वाळायला सहा महिने ते वर्ष लागतं, तोवर फक्त पातळ, तात्पुरतं रिटच व्हार्निश पुरे. त्यानंतर परत एकदा जाऊन व्हार्निश करण्याचं काम, प्रवासखर्च आणि परांचीसकट, आत्ताच करारात लिहून घ्या.